बार्सिलोना–इंटर, २०१०: प्रतिहल्ल्याने ही लढत नेमकी कुठे जिंकली?

मध्यरक्षक

२०१० च्या चॅम्पियन्स लीगमधील बार्सिलोना आणि इंटर मिलान यांच्या उपांत्य फेरीच्या दोन्ही लढती मी गेल्या आठवड्यात पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिल्या. या लढतीचा विषय निघाला की बोलणारा हमखास २८ एप्रिलच्या, बार्सिलोनाच्या घरच्या कॅम्प नोऊ मैदानावरील सामन्याबद्दल बोलतो: थियागो मोटाला २८ व्या मिनिटाला मिळालेले रेड कार्ड, दहा जणांनी तासभर लढवलेला किल्ला, ८४ व्या मिनिटाला पिकेचा गोल आणि तरीही एकूण ३-२ अशा फरकाने अंतिम फेरीत गेलेला इंटर. त्यावरून ‘आक्रमक संघाविरुद्ध बचावात्मक संघ जिंकला’ असे सरधोपट अनुमान काढले जाते.

मला ते पटत नाही. कॅम्प नोऊवर इंटरने प्रतिहल्ला, म्हणजे चेंडू हिसकावताच समोरचा संघ सावरण्यापूर्वी केलेली चाल, असा जवळजवळ केलाच नाही. खरा प्रतिहल्ला २० एप्रिलला इंटरच्या मैदानावर, सान सिरोवर झाला. त्या रात्री इंटर १९ व्या मिनिटाला पेद्रोच्या गोलमुळे मागे पडला आणि नंतर स्नायडर (३० वे मिनिट), मायकॉन (४८ वे) व मिलिटो (६१ वे) यांच्या गोलांनी ३-१ असा जिंकला. माझ्या मते या तीन गोलांचे मूळ बार्सिलोनाच्या उजव्या बगलेत आहे. मेस्सी उजवीकडून आत सरकत असे आणि ती सगळी पट्टी एकट्या दानी आल्वेसच्या हवाली होत असे. आल्वेस कागदावर फुलबॅक, म्हणजे बगलेतला बचावपटू असला, तरी प्रत्यक्षात विंगरच्या, म्हणजे बगलेतल्या आक्रमकाच्या जागी खेळत होता. चेंडू हातचा गेला की त्याच्यामागे चाळीस-पन्नास मीटर रान मोकळे पडायचे.

तेव्हा प्रश्न असा, की बार्सिलोना इंटरच्या बचावामुळे हरला, की स्वतःच्या आक्रमणाच्या मांडणीमुळे? आणि दुसऱ्या सामन्यात बार्सिलोनाचा प्रशिक्षक गार्डिओला याला वेगळे काही करता आले असते का?

तिरकस

पहिल्या सामन्याला बार्सिलोना बसने गेला आणि दुसऱ्या सामन्यात इंटरने तीच बस गोलसमोर आणून लावली. एवढ्या साध्या गोष्टीसाठी आपण दोन रात्री जागलात, याबद्दल सहानुभूती व्यक्त करतो.

निद्रानाश

तिरकस यांचा विनोद बाजूला ठेवला, तरी बसचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातील विमाने बंद होती. बार्सिलोनाच्या संघाला वाटेत कानला मुक्काम करून सुमारे हजार किलोमीटरचा प्रवास रस्त्याने करावा लागला. ज्या संघाचा सगळा खेळ चेंडू गमावताच पुढच्या पाच-सहा सेकंदांत तो हिसकावून घेण्यावर उभा आहे, त्याचे पाय जड झाले तर सर्वांत आधी काय ढासळेल? पास नव्हे, ते धावून अंगावर जाणे ढासळेल. पहिल्या अर्ध्या तासातला बार्सिलोना आणि मध्यंतरानंतरचा बार्सिलोना यांतला फरक मी त्या रात्री पाहिला होता. आपल्याकडे सामना रात्री सव्वाबाराला सुरू झाला होता आणि आवाज बंद करून, अंधारात, घरच्यांना कळू न देता मी तो पाहत होतो. मायकॉनच्या गोलला मी जे ओरडलो, त्यानंतर घरात अंधारही उरला नाही आणि शांतताही.

गणिती

बसने प्रवास केलेल्या संघाने एकोणिसाव्या मिनिटाला गोल केला होता, हे विसरू नये. शिवाय दुसऱ्या सामन्याला त्यांना घरूनच मैदानावर जायचे होते. थकव्याने एका रात्रीचा निकाल समजतो, दोन रात्रींचा समजत नाही.

मला जास्त महत्त्वाचे वाटते ते परक्या मैदानावरील गोलचे गणित: दोन्ही सामने मिळून गोल समान झाले, तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जाई. युरोपातील स्पर्धांमधून तो नियम २०२१ मध्ये गेला, पण तेव्हा तो लागू होता. पेद्रोच्या गोलमुळे बार्सिलोनाला घरी २-० पुरेसे होते, कारण ३-३ अशा बरोबरीत परक्या मैदानावरील तो एक गोल त्यांच्या पदरात होता. परंतु इंटरने कॅम्प नोऊवर एक जरी गोल केला असता, तर बार्सिलोनाला नुसत्या अतिरिक्त वेळेसाठी तीन आणि नव्वद मिनिटांत निकाल लावण्यासाठी चार गोल लागले असते. म्हणजे इंटरच्या एका प्रतिहल्ल्याची किंमत नेहमीपेक्षा दुप्पट होती. प्रतिहल्ला प्रत्यक्ष झाला नाही, म्हणून त्याचा परिणाम झाला नाही, असे म्हणता येत नाही. त्याच्या धास्तीनेच दोन बचावपटू मागे थांबतात आणि आक्रमणातून दोन माणसे वजा होतात.

नवखी

मी फुटबॉल अलीकडेच पाहू लागले आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध असल्यास सांभाळून घ्यावे. इंटरच्या पुढच्या फळीत मिलिटो एकटाच असतो आणि समोर चार बचावपटू असतात. चौघांपैकी दोघांनी त्याला धरून ठेवले, तर पुढचे सगळे थांबायला नको का? पहिल्या सामन्यातील तिन्ही गोलांत त्याचा हात आहे, असे वाचले. चौघांच्या गराड्यात असलेल्या माणसाला हे कसे साधते?

पेठेतला

मध्यरक्षक यांच्या मताचा अर्धा भाग मला मान्य आहे आणि अर्धा अजिबात मान्य नाही. मी कोल्हापूरचा आहे आणि पेठेतल्या एका तालीम मंडळाच्या संघातून सात वर्षे डावा फुलबॅक म्हणून खेळलो आहे. त्यामुळे आल्वेसची बाजू मांडणे माझे जातभाई म्हणून कर्तव्य समजतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. स्नायडरच्या गोलच्या वेळी चेंडू आत आला तो एटोकडून, म्हणजे इंटरच्या उजव्या बाजूने. ती आल्वेसची नव्हे, मॅक्सवेलची बाजू. मायकॉन हा इंटरचा उजवा फुलबॅक, म्हणजे तोही मॅक्सवेलच्या बाजूनेच धावत आला. तिसऱ्या गोललाही क्रॉस एटोचा, त्यावर स्नायडरचे डोके आणि मग मिलिटोचे. तिन्ही वेळा आग डावीकडे लागली आणि धूर उजवीकडे दिसला. आल्वेस जागेवर नसल्याने स्नायडर मोकळा राहिला, हे खरे. पण चेंडू ज्या वाटेने आला ती वाट वेगळी होती, आणि गंमत अशी की पेद्रोच्या गोलचा चेंडूही मॅक्सवेलनेच डावीकडून वर जाऊन आत दिला होता. संघाला पुढे नेणारी वाट आणि खड्ड्यात नेणारी वाट एकच होती.

आता अनुभवाचे सांगतो. शाहू स्टेडियमवर एका सामन्यात आम्ही एक गोलने मागे होतो. शेवटची दहा मिनिटे राहिली होती, प्रेक्षकांतून अख्खी पेठ ‘पुढे, पुढे’ म्हणून ओरडत होती, आणि कॉर्नर मिळाल्यावर मीही गेलो पुढे. प्रतिस्पर्धी गोलरक्षकाने चेंडू हवेतच झेलला. त्याने लाथ मारली असती तर मला परतायला वेळ मिळाला असता. त्याने चेंडू हाताने, जमिनीलगत, माझ्या मोकळ्या बाजूला फेकला. त्यांचा विंगर मध्यरेषेवर तो घेऊन निघाला तेव्हा मी त्याच्यामागे दहा पावलांवर होतो आणि गोल झाला तेव्हाही दहाच पावलांवर होतो. चेंडू पायात असलेल्या माणसाला, चेंडू नसताना, मी एक पाऊलही गाठू शकलो नाही. त्याच्या पाठीवरच्या आकड्यातला सात सुटत आलेला होता आणि धावताना फडफडत होता, हे मला आजही दिसते. सामन्यानंतर आमच्या कोचनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. कॉर्नर मारणाऱ्यापासून सहा पावलांवर थांबायला ज्याला सांगितले होते, तो बॉक्समध्ये काय करत होता, एवढेच त्यांनी विचारले.

सांगायचा मुद्दा असा, की धावत परत येणाऱ्या फुलबॅकवर प्रतिहल्ला थांबत नाही. तो थांबतो पहिल्या पासवर. चेंडू हिसकावणाऱ्या माणसाला मान वर करून पुढे पाहता आले, की मागचे चार जण कुठे उभे आहेत याला फारसा अर्थ उरत नाही.

माडाखाली

पेठेतले यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण विश्वचषकातले, २ जुलै २०१८ चे, बेल्जियम विरुद्ध जपान. २-० अशी आघाडी गमावून २-२ वर आलेल्या जपानला भरपाई वेळेत कॉर्नर मिळाला. होंडाने तो मारला, कोर्तुआने झेलला आणि लगेच डी ब्रुय्नेच्या पुढ्यात लोळवला. डी ब्रुय्ने मधूनच धावत सुटला, उजवीकडे म्युनिएला चेंडू गेला, म्युनिएने तो आडवा आत दिला, लुकाकूने पायाखालून जाऊ दिला आणि मागून आलेल्या शादलीने गोल केला. त्यात लुकाकूचा चेंडूला स्पर्शही नाही, पण त्या हल्ल्यातले सर्वांत मोठे काम त्यानेच केले, कारण आधी धावून त्याने आपल्या बचावपटूला वाटेतून बाजूला ओढले होते. पेठेतले यांच्या गोलरक्षकाने आणि कोर्तुआने एकच धडा गिरवला होता, असे दिसते.

गोव्याचा असल्याने जाता जाता एक सल. प्रशिक्षक लोबेरा यांच्या काळातील एफसी गोवा हा आपल्याकडील सर्वांत आक्रमक संघ होता आणि ‘यांना प्रतिहल्ल्यावर धरा’ हे वाक्य आम्ही दर आठवड्याला ऐकत असू. प्रत्यक्षात १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना हरलो तो बेंगळुरूच्या राहुल भेकेने अतिरिक्त वेळेत कॉर्नरवर मारलेल्या हेडरने. त्याआधी आमचा जाहू रेड कार्ड घेऊन बाहेर गेला होता. आक्रमक संघ हरला, की लोक पराभवाचे कारण आक्रमणातच शोधतात. बचाव करणारा संघ हरला, की म्हणतात नशीब वाईट.

तटस्थ

माडाखाली यांनी दिलेला इशारा लक्षात ठेवण्यासारखा आहे. मी कामानिमित्त म्युनिकमध्ये राहते. २९ एप्रिल २०१४ रोजी येथे गार्डिओलाचाच बायर्न संघ रेआल माद्रिदकडून ०-४ असा हरला, तेव्हा दुसऱ्या दिवशी कचेरीत सर्वांच्या तोंडी ‘प्रतिहल्ला’ हाच शब्द होता. वास्तविक त्या चार गोलांपैकी पहिले दोन रामोसच्या डोक्याने, कॉर्नर आणि फ्री किक यांवर झाले. शेवटचा रोनाल्डोच्या फ्री किकवर, उडी मारणाऱ्या भिंतीच्या पायांखालून गेला. निव्वळ प्रतिहल्ल्याचा गोल तिसरा, एकच. पण तो इतका देखणा होता, की आठवणीत उरलेले तीनही त्याच्याच रंगात रंगले.

गणिती

दोन्ही उदाहरणे छान आहेत, पण मूळ लढतीकडे येऊ या. त्याच हंगामात गटसाखळीत, २४ नोव्हेंबर २००९ रोजी, बार्सिलोनाने याच इंटरला कॅम्प नोऊवर २-० असे सहज हरवले होते. सुरुवातीच्या अकरांत मेस्सी नव्हता आणि इब्राहिमोविचही नव्हता. ‘(इंटरचा प्रशिक्षक) मोरिन्होच्या बचावाला उत्तर नव्हते’ असे म्हणणाऱ्यांनी त्या सामन्याचे काय करायचे?

मध्यरक्षक

गणिती, आपण नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलेत, आणि मला वाटते माझ्या मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

नोव्हेंबरमध्ये एटो आणि मिलिटो पुढे जोडीने खेळत होते. जानेवारी २०१० मध्ये पांदेव आला आणि मार्चमध्ये चेल्सीविरुद्धच्या परतीच्या सामन्यात मोरिन्होने एटोला बगलेत नेले. सान सिरोवर उतरलेल्या इंटरमध्ये मिलिटो, एटो, पांदेव आणि स्नायडर असे चौघे पुढे होते, शिवाय मायकॉनसारखा फुलबॅक. या संघाला बचावात्मक म्हणायचे झाले, तर आक्रमक कोणाला म्हणावे, हा प्रश्न पडतो. बचाव होता तो या चौघांच्या मागे परतण्यात. ज्या एटोने वर्षभरापूर्वी रोममधील अंतिम सामन्यात बार्सिलोनासाठी पहिला गोल केला होता, तो आता बगलेत फुलबॅकच्या शेजारी उभा राहून आपल्याच जुन्या सहकाऱ्यांना अडवत होता. २००९ च्या उन्हाळ्यात बार्सिलोनाने एटो आणि वर मोठी रक्कम देऊन इब्राहिमोविच घेतला होता. त्या सौद्याचा हिशेब या दोन रात्रींत चुकता झाला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पेठेतले यांनी मॅक्सवेलच्या बाजूबद्दल मांडलेली दुरुस्ती मी मान्य करतो. ‘मूळ उजव्या बगलेत’ हे माझे विधान घाईचे होते. दोन्ही फुलबॅक एकाच वेळी वर जात होते आणि त्यांच्यामागे पिके, पुयोल व बुस्केट्स हे तिघेच संपूर्ण रुंदी सांभाळत होते, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. तिघांना अडुसष्ट मीटर झाकता येत नाहीत. मायकॉनच्या गोलच्या वेळी चेंडू मैदानाच्या मध्यभागीच हिसकावला गेला आणि त्यानंतर बार्सिलोनाच्या कोणालाही त्या चेंडूला पाय लावता आला नाही.

बाकावरचा

इब्राहिमोविचवर सगळे खापर फोडू नये. दुसऱ्या सामन्यात त्याला ६३ व्या मिनिटाला बाहेर काढले, बोयानला आणले, आणि मग बॉक्समध्ये उंच माणूस नाही म्हणून पिकेला बचावातून काढून आघाडीला धाडले! जवळपास तेवढ्याच उंचीचा, पण ज्याचा तो धंदा नाही, असा माणूस. त्याने झावीच्या पासवर गिरकी घेऊन आघाडीवीराला शोभेल असा गोल केला, हा त्याचा मोठेपणा.

निद्रानाश

दुसऱ्या सामन्यात बार्सिलोनाची मांडणीच लंगडी होती, याकडे कोणी लक्ष वेधलेले नाही. इनिएस्टा जखमी होता. पहिल्या सामन्यातील पिवळ्या कार्डामुळे पुयोल बाद होता. म्हणून याया टुरे मध्यबचावात गेला आणि गाब्रिएल मिलिटो डाव्या फुलबॅकच्या जागी. (समोरच्या संघात त्याचाच थोरला भाऊ दिएगो. एकाच घरातले दोघे त्या रात्री एकमेकांविरुद्ध उभे होते.) गाब्रिएल हा मुळात मध्यबचावातला माणूस. तो बगलेतून वर जाऊन क्रॉस देणार नाही, हे इंटरलाही ठाऊक होते. त्यामुळे डावीकडे पेद्रो एकटा पडला आणि सगळे आक्रमण उजवीकडे झुकले. तिथे मेस्सी आत वळला की झानेट्टी, चिवू आणि कॅम्बियासो या तिघांचे कडे तयारच असायचे. मध्यंतराला गार्डिओलाने मॅक्सवेलला आणले खरे, पण तोवर पंचेचाळीस मिनिटे संपली होती.

पेठेतला

निद्रानाश यांनी चिवूचा उल्लेख केला, म्हणून आठवले. त्या जागी पांदेव खेळणार होता. सराव करताना तो दुखावला आणि ऐनवेळी फुलबॅक असलेला चिवू विंगरच्या जागी आला. इंटरची प्रतिहल्ल्याची एक बाजू सामना सुरू होण्यापूर्वीच बंद झाली. त्यानंतर मोटाचे रेड कार्ड. मला नेहमी वाटत आले आहे, की त्या कार्डाने इंटरचे नुकसान कमी आणि भले जास्त झाले.

गणिती

हे धाडसी विधान आहे. दहा जणांनी बासष्ट मिनिटे बार्सिलोनाविरुद्ध खेळणे हे भले कसे?

पेठेतला

विधान धाडसी आहे, पण हवेतले नाही. अकरा जण असताना इंटरपुढे दर वेळी एक प्रश्न होता: चेंडू मिळाला तर पुढे जायचे की थांबायचे? पुढे गेलेला माणूस परत येईपर्यंत त्याची जागा मोकळी असते आणि त्या सेकंदांवरच मेस्सी जगतो. कार्डानंतर प्रश्नच उरला नाही. चेंडू मिळाला की लांब मारायचा आणि पुन्हा आपापल्या जागी उभे राहायचे. चार जणांची एक ओळ, तिच्यापुढे दुसरी, दोहोंमध्ये मावेल इतकेच अंतर. एटो तर कित्येकदा बचावपटूंच्या ओळीतच असायचा. बार्सिलोनाला चेंडू मिळत होता, पण इंटर कधी विस्कळीतच होत नव्हता, कारण विस्कळीत व्हायला आधी पुढे जावे लागते.

मोटाचा हात लागून खाली पडलेल्या बुस्केट्सने चेहऱ्यावरचे हात बाजूला करून बोटांच्या फटीतून पंचांकडे पाहिले, ते दृश्य सर्वांना आठवते. त्याने पंचांकडून स्वतःच्याच संघासाठी भिंत बांधून घेतली, असे आमच्या कट्ट्यावर म्हणतात.

तटस्थ

हा मुद्दा मला पटतो, मात्र याच्याविरुद्ध जाणारे उदाहरणही द्यायला हवे. २४ एप्रिल २०१२ रोजी याच मैदानावर चेल्सीच्या टेरीला ३७ व्या मिनिटाला बाहेर काढण्यात आले. त्यानंतर बार्सिलोना २-० अशी पुढे गेली आणि तेव्हाच, मध्यंतराच्या तोंडावर, दहा जणांच्या चेल्सीकडून रामिरेसने पुढे धावत जाऊन गोलरक्षक व्हाल्देसच्या डोक्यावरून चेंडू उचलून गोल केला. मध्यंतरानंतर मेस्सीची पेनल्टी आडव्या दांड्यावर आदळली आणि शेवटी तोरेसने बरोबरी साधली. म्हणजे दहा जणांना प्रतिहल्ला सोडावाच लागतो असे नाही. चेल्सीने धरून ठेवला, इंटरने सोडला. दोघेही तरले. दोन वर्षांत बार्सिलोनाने त्याच जागी त्याच प्रकारे ठेच खाल्ली, हे मात्र मध्यरक्षक यांच्या बाजूने जाते.

माडाखाली

इंटरला प्रतिहल्ल्याची परंपरा आहे, असे त्या वेळी बरेच छापून आले होते. साठच्या दशकातील प्रशिक्षक हेलेनियो एरेरांचा इंटर म्हणजे कुलूपबंद बचाव, वगैरे. एरेरा इंटरला येण्यापूर्वी बार्सिलोनाचेच प्रशिक्षक होते, आणि त्यांच्या त्या कुलूपबंद संघातला डावा फुलबॅक फाकेत्ती सारखा वर जाऊन गोल करत असे. युरोपियन कपच्या १९६७ च्या लिस्बनमधील अंतिम सामन्यात माझोलाने सातव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केल्यावर इंटर मागे सरला. सेल्टिकने पुढचे ऐंशी मिनिटे धडका मारल्या आणि २-१ असा सामना जिंकला. सेल्टिकचा पहिला गोल गेमेलचा, तोही फुलबॅकच. पेठेतले यांच्या जातभाईंनी दोन्ही बाजूंनी इतिहास घडवलेला आहे, याची नोंद घ्यावी.

पेठेतला

नोंद घेतली आहे आणि पुढच्या सामन्याला मैदानावर मोठ्याने सांगणार आहे.

बाकावरचा

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग, गार्डिओलाला वेगळे काय करता आले असते, तसाच पडून आहे. माझे मत सांगतो. इंटरने प्रतिहल्ला सोडून दिला हे कार्डानंतर दहा मिनिटांत स्पष्ट झाले होते. तरीही बार्सिलोनाने मागे माणसे राखली आणि पिके पुढे आला तो अगदी उशिरा. समोर मारायला कोणी नसताना पहारा कशासाठी? टुरेला मध्यबचावातून मध्यंतरालाच पुढे काढता आले असते. तो दुरून फटका मारणारा, अंगाने धिप्पाड, गर्दीत घुसणारा माणूस. त्याऐवजी चेंडू बॉक्सभोवती डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरत राहिला, मंदिराला प्रदक्षिणा घालावी तसा, पण गाभाऱ्यात कोणी जात नव्हते.

गणिती

आणि जेव्हा गेले तेव्हा? ३३ व्या मिनिटाला मेस्सीच्या फटक्यावर इंटरचा गोलरक्षक ज्युलिओ सेझारने अंग लांबवून बोटांनी चेंडू बाहेर काढला. ८२ व्या मिनिटाला बोयानचा मोकळा हेडर बाहेर गेला. भरपाई वेळेत बोयानने गोल केलाच, पण त्याआधी चेंडू टुरेच्या हाताला लागल्याने पंचांनी तो नाकारला. ती शिटी वाजली नसती तर २-०, बार्सिलोना अंतिम फेरीत, आणि आज आपण या धाग्यावर ‘आक्रमक खेळाचा विजय’ असे लिहीत असतो. एका शिटीवर एवढे तत्त्वज्ञान उभे करताना मला संकोच वाटतो.

तिरकस

गणिती यांना संकोच वाटला, ही या धाग्यावरील आजवरची सर्वांत मोठी बातमी आहे. सामना संपल्यावर मोरिन्हो बोट आकाशाकडे करून धावत सुटला, तेव्हा कॅम्प नोऊच्या कर्मचाऱ्यांनी मैदानावरचे पाण्याचे फवारे सुरू केले. त्या रात्री यजमानांकडून झालेला सर्वांत वेगवान प्रतिहल्ला तोच होता, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मध्यरक्षक

गणिती, एका शिटीवर तत्त्वज्ञान उभारू नये, हे खरेच. परंतु बोयानच्या त्या गोलने २-० झाले असते आणि ते पुरेसे ठरले असते, ते पहिल्या सामन्यातील अंतर दोनच गोलांचे होते म्हणून. ते अंतर शिटीने निर्माण झालेले नव्हते. सान सिरोवरही आल्वेसला पेनल्टी न देणे आणि मिलिटोच्या गोलमधील ऑफसाइडचा संशय हे बार्सिलोनाचे दोन रास्त आक्षेप आहेत. ते मान्य करूनही, मायकॉन आणि स्नायडर यांच्या गोलांना कोणीही बोट लावू शकत नाही.

बाकावरचा यांची टुरेबाबतची सूचना मला आवडली. आपण हे सगळे निकाल माहीत असताना लिहितो आहोत, एवढे फक्त लक्षात ठेवावे. एक गोल झाला असता तर चार लागणार, हे गणितींचे कोष्टक गार्डिओलाच्या डोक्यात असणारच. नंतर म्युनिकमध्ये त्याने लाम आणि आलाबा या फुलबॅकना बगलेतून वर पाठवण्याऐवजी आत, मध्यरक्षकांच्या शेजारी आणून उभे केले, म्हणजे चेंडू हरवताच मध्यभागी गर्दी आधीच तयार असेल. तटस्थ यांनी सांगितल्याप्रमाणे त्यालाही ०-४ झाले, तो भाग वेगळा. पण ती मांडणी पाहिली की मला सान सिरोवरचे ४८ वे मिनिट दिसते.

आता नवखी यांचा प्रश्न, ज्याला आपण सर्वांनी बगल दिली. मिलिटो चौघांच्या गराड्यात उभाच राहत नव्हता. तो सतत मध्यबचावपटू आणि फुलबॅक यांच्यामधल्या फटीत सरकत असे. फुलबॅक वर गेलेला असल्याने मध्यबचावपटूला जागा सोडून त्याच्यामागे जावे लागे आणि सोडलेल्या जागेत स्नायडर किंवा मायकॉन येत. दोघांनी त्याला धरून ठेवावे, असे आपण सुचवले होते. दोघे त्याला धरायला जावेत, हेच तर त्याला हवे होते.

नवखी

आभारी आहे. काल रात्री स्नायडरचा गोल पुन्हा पाहिला. एटोचा चेंडू आल्यावर मिलिटोला स्वतःच फटका मारता आला असता, असे मला पहिल्यांदा पाहताना वाटले होते. या वेळी तिथेच चित्र थांबवले. बार्सिलोनाचे सगळे मिलिटोकडे वळलेले आहेत. स्नायडरच्या आसपास कोणीही नाही. चित्र थांबवले नसते, तर तो तिथे आहे हे मलाही दिसले नसते.